पान पहिलं, चुका एकोणीस

हेडफोन लावून हसणाऱ्या त्या गोऱ्या बाईला मी इतक्या वेळा पाहिलंय की उद्या ती मालवणच्या बाजारात भेटली तर मी तिला थांबवून चहा पाजीन. ‘घरबसल्या महिना पंधरा हजार कमवा’ अशी जाहिरात उघडली की ही बया कोपऱ्यात हजर. एका जाहिरातीत ती मुंबईच्या कंपनीची मॅनेजर होती, दुसरीत नागपूरची गृहिणी. तिसरीत तिचं नाव सुनीता होतं आणि ‘माझं आयुष्यच बदललं’ असं ती म्हणत होती. कपडे तेच, हसू तेच, दातही तितकेच. पहिल्यांदा माझ्या हे लक्षात आलं तेव्हा मी भर कॅफेत ओरडले होते, ‘अगो, ही तर कालचीच बाई!’ इंटरनेटवर बसलेली चार गिऱ्हाइकं दचकून माझ्याकडे बघायला लागली.

मी मूळची टायपिंगबाई. मालवणात टायपिंगचा क्लास चालवायची. १९९८ साली माझ्याकडे सहा टाइपरायटर होते आणि बाहेर मुलींची रांग असायची. तीन-चार वर्षांत रांग आटली, म्हणून मी टाइपरायटर भिंतीकडे सरकवले, चार कॉम्प्युटर आणले आणि दारावर ‘सायबर कॅफे’ असा बोर्ड लावला. लोक तरीही टायपिंगबाईच म्हणत राहिले. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ असं सांगितलं तेव्हा त्यांना बहुतेक स्पीडच्या परीक्षा आणि कार्बन पेपरच्या गमती हव्या असाव्यात. त्या माझ्याकडे पोत्याने आहेत. पण ज्या कामाने माझ्या अंगावर काटा आला, आणि अजूनही येतो, ते हे फसव्या जाहिराती ओळखण्याचं काम. त्याची फी मी कधी घेतली नाही आणि ते मला कोणी शिकवलंही नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा नेटवर आणि पेपरांच्या छोट्या जाहिरातींत असल्या घरबसल्या कामांचा सुकाळ होता. फॉर्म भरा, पाकिटं भरा, जाहिरातींवर क्लिक करा, इंग्रजी पानं टाइप करा. काम इतकं सोपं की तुम्हालाच वाटावं, याचे कोणी एवढे पैसे का देईल? हा प्रश्न ज्याला पडायचा तो वाचायचा. पण ‘फक्त दहा जागा शिल्लक’ असं लाल अक्षरात लिहिलेलं असलं की प्रश्न पडायच्या आधीच माणूस पाकीट उघडतो. या दहा जागा मी दोन वर्षं शिल्लक असलेल्या पाहिल्यात. कंपनीचा पत्ता म्हणजे कुठल्या तरी शहरातल्या कुठल्या तरी इमारतीचा तिसरा मजला. ईमेल फुकटातलं, तुमच्याआमच्यासारखंच. फोन मोबाइलचा. आणि ‘शासनमान्य’ हा शब्द निदान तीनदा. खरोखर शासनमान्य असलेल्या माझ्या क्लासच्या पाटीवर तो एकदाच होता, तोही रंग उडालेला.

पिंगुळीचे एक निवृत्त मास्तर होते. पाकिटं भरायच्या कामासाठी त्यांनी साडेसहाशे रुपये पाठवले. पंधरा दिवसांनी त्यांना एक पत्र आलं. ते घेऊन ते माझ्याकडे आले, खुर्चीवर बसले आणि हसत सुटले. पत्रात लिहिलं होतं की तुम्ही आता अशीच जाहिरात पेपरात द्या, लोक तुम्हाला साडेसहाशे रुपये पाठवतील, त्यांना हेच पत्र पाकिटात भरून पाठवा. झालं तुमचं पाकिटं भरायचं काम!

‘बाई, हे तर माकाच चोर करूक निघाले,’ मास्तर म्हणाले. ‘आणि शुद्धलेखन बगा. सतरा चुका. चोरी करूची तर नीट लिवन तरी करा!’

ते पत्र लाल पेनाने दुरुस्त करून त्यांनी त्या पत्त्यावर परत पाठवलं. टपालखर्च स्वतःचा. असला माणूस.

पण माझी सगळीच कीर्ती मिरवण्यासारखी नाही. वैभववाडीहून एक ताई यायच्या, पाय अधू, त्यामुळे घरून होणारं काम हवं होतं. त्यांनी एक जाहिरात दाखवली. एका प्रकाशकाला घरी बसून मुद्रितं तपासणारं माणूस हवं होतं. मी तेव्हा इतकी चढून गेले होते की दोन ओळी वाचून म्हटलं, ‘फेकून द्या.’ त्यांनी फेकून दिली. तेच काम त्यांच्या शेजारणीने कोणालाही न विचारता घेतलं आणि ती ते कित्येक वर्षं करत राहिली. हे मला त्या ताईंनीच कुडाळच्या आठवडा बाजारात भेटल्यावर सांगितलं, आणि न चिडता सांगितलं, ते जास्त लागलं. घरी येऊन मी ती जाहिरात आठवून आठवून पाहिली. त्या प्रकाशकाने पैसे मागितले नव्हते, तपासलेली दोन पानं नमुना म्हणून मागितली होती. इतका साधा फरक, आणि शहाणपणाच्या तोऱ्यात मला दिसला नाही.

आता मुख्य गोष्ट. २००८ चा सप्टेंबर. मंगळवारचा दिवस होता. वैजयंती दारात उभी राहिली. वैजू माझी जुनी विद्यार्थिनी, समुद्रकाठच्या वाडीतली. मिनिटाला चाळीस शब्दांचा स्पीड, नीटनेटकं काम, गप्प स्वभाव. तिच्यामागे तिचे वडील, तातू. साठी ओलांडलेला, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकर माणूस, हाताची बोटं दोरानं वळलेली.

‘बाई, माका पोलीस पकडतले काय हो?’ वैजूने विचारलं.

‘कोण पकडता तुका? बस आधी.’

ती बसली आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. एका कंपनीने टायपिंगचं काम दिलं होतं. कंपनीचं नाव मी इथे देत नाही, कारण ते नाव खरं नव्हतंच. साडेतीन हजार रुपये नोंदणी, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर करार, मग कुरिअरने सीडी. सीडीत इंग्रजी पुस्तकाच्या पाचशे पानांचे अंधुक फोटो. ते बघून ती पानं टाइप करायची, पंधरा दिवसांत. शंभरातली नव्वद पानं बिनचूक निघाली तर पानामागे वीस रुपये. नाही निघाली तर कंपनीचं ‘नुकसान’ झालं, म्हणून पैसे तुम्हीच द्यायचे. कंपनीने तपासलं, बहुतेक सगळी पानं नापास केली आणि आता वकिलाची नोटीस आली होती. अठ्ठावीस हजार भरा, नाहीतर कोर्टात केस आणि वॉरंट.

‘पाचशे पानां पंधरा दिवसांत एकटीन केलंस?’ मी विचारलं.

‘एकटी खंय? आमी आठजणी होतो. वाटे घातले.’

मी कपाळावर हात मारला. आणि मला हसूही आलं. हे फक्त आमच्या किनाऱ्यावरच होऊ शकतं. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. होडीतून समुद्रात लांब जाळं टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. जो दोराला हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो. ज्यांची जाळी असतात त्यांचा वाटा वेगळा. वाडीतल्या बायकांनी सीडीतली पाचशे पानं तशीच आठ वाट्यांत घातली होती! नोंदणीचे पैसे आठजणींनी मिळून भरले, वैजूच्या घरच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर सकाळपासून पाळ्या लावून टाइप केलं, कुठली पानं कोणाची ते वहीत लिहून ठेवलं. आणि करारावर सही एकट्या वैजूची, कारण ईमेल तिच्या एकटीचं होतं. म्हणजे मासळी आली असती तर आठांची. आता वॉरंट एकटीचं.

तातू म्हणाले, ‘बाई, पैशे भरून टाकतलंय. माजो रापणीतलो वाटो पैशे घेवन एका भागीदाराक देतंय. शनवारी कागद करतलो. शबुद दिलो हा.’

मला धक्का बसला. हंगाम नुकता सुरू झाला होता. रापणीत तातूंचं स्वतःचं जाळं होतं, त्यांच्या बापाने कमावलेलं. ते गेलं की हा माणूस उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या जाळ्याचा दोर ओढणार.

‘शनवारपर्यंत कागद करू नुको,’ मी म्हटलं. ‘माका चार दिवस दी.’

‘तुमी काय करतल्यात?’

काय करणार ते मलाही माहीत नव्हतं. पण मला भयंकर राग आला होता आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

‘पेपर तपासतलंय,’ मी म्हटलं.

माझ्या आयुष्यातलं मला सगळ्यात चांगलं येणारं काम हेच. टायपिंगचे पेपर मी वर्षानुवर्षं लाल पेन्सिलीने तपासले होते. एक चुकलेलं अक्षर पानावर बसलेल्या माशीसारखं मला लांबून दिसतं. वैजूने कराराची झेरॉक्स, कंपनीची सीडी, आठजणींनी टाइप केलेल्या पानांची फाइल आणि कंपनीने पाठवलेला चुकांचा तक्ता आणून दिला. कराराची कलमं मी वाचली. अशी इंग्रजी कलमं की वाचणाऱ्याने दुसऱ्या ओळीला हात टेकावेत. पण तक्ता बघून मी तिथेच टेबलावर थाप मारली. त्यात फक्त पानाचा क्रमांक आणि समोर आकडा. पान दोन, चुका चौदा. पान तीन, चुका सोळा. चूक कुठली, कुठल्या ओळीत, काही नाही! चूक न दाखवता गुण कापणारा परीक्षक मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

बुधवारी कॅफे अर्धा दिवस बंद ठेवला आणि वीस पानं छापून तपासायला बसले. एका पानावर चुका दोन, एकावर तीन, एकावर एकही नाही. एका पानावर सहा सापडल्या तेव्हा मदतीला आलेल्या ज्या मुलीचं ते पान होतं तिला मी सवयीने झापलं, ‘ही काय अक्षरां गो?’ ती बिचारी रडवेली झाली. पण कंपनीचे चौदा आणि सोळा मला कुठेच सापडेनात. मी खुशीत आले. संध्याकाळपर्यंत खुशी उतरली. कारण मूळ पानांचे फोटो मुद्दाम अंधुक होते. मी म्हणणार हे अक्षर ‘सी’, ते म्हणणार ‘ई’. कोर्टात माझी लाल पेन्सिल कोण विचारणार? माझ्याकडे अशी एक चूक हवी होती जी त्यांना वाकवता येणार नाही.

गुरुवारी सकाळी आठहीजणी कॅफेत आल्या. मी एकेकीला तिची पानं विचारत होते. पाळी नसीमची आली. नसीम बंदराजवळच्या मुसलमान मोहल्ल्यातली, माझ्या क्लासची आजवरची सगळ्यात जलद मुलगी. ती वाकून माझ्या कानाशी आली.

‘बाई, एक सांगूचा होता. हेंच्यासमोर नको.’

मी तिला आतल्या खोलीत नेलं, जुन्या टाइपरायटरांमध्ये. तिथे ती एकदम रडायला लागली.

‘माझ्या वाट्यातला एक पान मी टाइप करूकच नाय. पयला पान. मी वाटो पुरो धरलंय, पण ता पान मी केलेलाच नाय.’

‘मगे दिलंस काय?’

‘सीडीत नमुनो होतो मा, कसा करूचा तां दाखवूक? तो पयल्याच पानाचो होतो. मी तोच उचलून ठेवलंय. कोणाक बोलाक नाय. हात न लावता वाटो घेतलंय तर वाडयेत काय म्हणतले?’

मी बाहेर धावले, टेबलावरचा तक्ता उचलून आत आणला आणि पहिली ओळ वाचली.

पान पहिलं, चुका एकोणीस.

‘नसीम!’ मी अशी किंचाळले की बाहेरच्या सातजणी धावत आत आल्या. मी नसीमला मिठी मारली होती आणि ती घाबरून आणखी रडत होती. मी सगळ्यांना सांगून टाकलं. पोरीला चोरून ठेवायचं होतं ते मी ओरडून सांगितलं, माझ्या हे नंतर लक्षात आलं. पण तिच्यावर कोणी रागावलं नाही. रागवायला वेळच कुणाकडे होता? कंपनीने कामासोबत स्वतःच्या हाताने टाइप करून दिलेला नमुना, ‘असं काम हवं’ म्हणून दिलेला, तोच कंपनीने नापास केला होता! एकोणीस चुकांनी!

वैजूचा अजून विश्वास बसेना. ‘चुकान बदल झालो असात, बाई.’

मग मी आमच्या धंद्यातली जुनी रीत केली. कंपनीचा नमुना छापला, नसीमने पाठवलेलं पान छापलं आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर ऊन लख्ख होतं. ओळीवर ओळ, शब्दावर शब्द, टिंबावर टिंब. दोन कागद आहेत हेच कळेना. आठजणी खिडकीला नाक लावून उभ्या होत्या आणि एकीने तर टाळ्याच वाजवल्या.

आता घाई करायची नव्हती. हातात आलेला मासा पिशवीत पडेपर्यंत बोलायचं नसतं, हे यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी वैजूच्या ईमेलवरून कंपनीला नम्र पत्र लिहिलं: आमचं बाकी काही म्हणणं नाही, फक्त पान पहिलं पुन्हा तपासावं ही विनंती. पत्र गेलं. आम्ही वाट बघत बसलो. त्या तासात मला एका गिऱ्हाइकाने रेल्वेचं तिकीट काढायला सांगितलं आणि मी त्याचं सावंतवाडीऐवजी रत्नागिरीचं काढलं, भुर्दंड मला.

उत्तर आलं. ‘आमच्या वरिष्ठ गुणवत्ता पथकाने पान क्रमांक एक काळजीपूर्वक पुन्हा तपासले आहे. चुकांची सुधारित संख्या: बावीस.’

बावीस! तीन वाढल्या! मी खुर्चीवरून उडालेच. त्या पत्राच्या मी पाच प्रती छापल्या, का ते विचारू नका.

शुक्रवारी सकाळी अकराला कॅफेतल्या फोनचा स्पीकर लावला. आठजणी, वैजूचे तातू आणि मी. शटर अर्धं ओढलेलं. वैजूने चिठ्ठीवर उतरवून आणलेला नोटिशीवरचा नंबर फिरवताना माझं बोट दोनदा चुकलं. चाळीस वर्षं बोटांवर पोट भरलेली बाई मी!

‘लीगल डिपार्टमेंट,’ पलीकडून आवाज आला. तरुण, घाईतला, चांगलं मराठी बोलणारा.

‘मी वैजयंतीची टायपिंगची शिक्षिका बोलते. पान पहिलं, बावीस चुका. त्या कुठल्या, ते सांगता का?’

‘मॅडम, ते क्वालिटी टीमचं काम आहे. पेमेंट कधी करताय तेवढं सांगा. उद्या मुदत संपतेय.’

‘करू की. त्याआधी एक शंका. तुमच्या सीडीत नमुन्याचं पान आहे ना, ते कोणी टाइप केलंय?’

‘आमच्या एक्स्पर्टनी.’

‘त्यात चुका असतील का?’

‘शक्यच नाही. हंड्रेड पर्सेंट अचूक असतं ते.’

नसीमने ओढणी तोंडात कोंबली.

‘पुन्हा एकदा सांगा, नीट ऐकू आलं नाही.’

‘शंभर टक्के अचूक, मॅडम!’

‘मग लिहून घ्या,’ मी म्हटलं, आणि माझा क्लासमधला आवाज आपोआप बाहेर आला. ‘आम्ही पाठवलेलं पान पहिलं तुमच्या एक्स्पर्टचं आहे. आमचं त्यात एक अक्षर नाही. तुमच्याच सीडीतून उचललेलं. त्याला तुम्ही आधी एकोणीस चुका दिल्या, काल बावीस दिल्या. तुमची सीडी आणि तुमचं पत्र माझ्यासमोर आहे आणि दोन्ही आज पोलीस ठाण्यात जाणार आहेत. बावीस चुकांचा दंड तुमच्या एक्स्पर्टकडून वसूल करा!’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, ‘मॅडम, मी सरांशी बोलून कळवतो,’ आणि फोन बंद. मी लगेच पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तर मोबाइल बंदच होता.

कॅफेत जो गलका झाला तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला असेल. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, वैजू नुसती भिंतीला टेकून उभी होती. ‘मोबाइल बंद केल्यान! बंद केल्यान!’ असं एकजण गाण्यासारखं म्हणत होती. मी समोरच्या हॉटेलातून दहा चहा मागवले. दुपारी आम्ही ठाण्यात अर्ज दिला. पुढे नोटीस आली नाही, वॉरंट तर नव्हतंच कधी. नोंदणीचे साडेतीन हजार मात्र गेले ते गेलेच. आठजणींचे ते पैसे मी सोडवू शकले नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

पण मला सांगायचंय ते चहाच्या वेळचं. तातू बाकावर बसले होते. बशीतला चहा संपवून ते वैजूला म्हणाले, ‘आता ता चौथा पान दी बाईंका.’

‘बाबा, र्‍हवांदे,’ वैजू म्हणाली.

‘दी म्हणतंय मा.’

मला कळेना. करार चार पानांचा होता तर. वैजूने मला तीनच पानांची झेरॉक्स दिली होती, आणि मी कलमं वाचण्याच्या भरात शेवटचं पान आहे की नाही हे पाहिलंच नव्हतं. मोठी परीक्षक! तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. वैजूची सही. खाली साक्षीदार क्रमांक एक. तिथे माझी सही होती, ठसठशीत, आणि वर माझ्या क्लासचा गोल शिक्का.

मग आठवलं. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला तो दिवस. कॅफेत उभं राहायला जागा नाही, प्रत्येकाला आपला नंबर आधी बघायचा, आणि त्या गर्दीतून एक हात कागद पुढे करतोय, ‘बाई, हयसर एक सही व्हयी.’ मी एका हाताने निकाल छापत दुसऱ्याने सही केली होती, आणि वर शिक्काही मारला होता. कोणाचा हात, कसला कागद, काही बघितलं नव्हतं.

‘नोटिशीत लिवलेला, साक्षीदारांकय कोर्टात बोलवतले म्हणान,’ वैजू म्हणाली. ‘ता मी तुमका सांगाक नाय. तुमी भियाल्यात तर वाचतला कोण?’

‘म्हणानच मी वाटो देतलंय म्हटलंय,’ तातू म्हणाले. ‘तुमी आमच्या ह्या चेडवार, वैजूवर, विश्वास ठेवन सही केलात. तुमका कोर्टात कशी उभी करूची? त्यापेक्षा वाटो गेलो तर गेलो.’

सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. गप्प बसले असते तर चाललं असतं. पण तातूंकडे बघून मला ते जमेना.

‘तातू, विश्वास खंयचो?’ मी म्हटलं. ‘निकालाची गर्दी होती. मी ता वाचूकच नाय.’

तातूंनी बशी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि तो कागद माझ्यासमोर सरळ केला.

‘मगे आता वाचा,’ ते म्हणाले.

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून, इंग्रजीचं मराठी करत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले. पत्ता, तारीख, अटी मान्य असल्याचा मजकूर, वैजूची सही. मग माझ्या सहीच्या वरची बारीक टाइपातली ओळ आली आणि तीही मी मोठ्याने वाचली: ‘वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून तो मला पूर्णपणे समजला आहे.’